रान की सीना? उदगीरच्या खानावळीत पीस निवडताना

परदेशी स्टेकहाउसच्या मेन्यूकार्डावर जनावराच्या अंगाचा नकाशाच छापलेला असतो. रिबआय बरगड्यांचा, सरलॉइन कमरेचा, टेंडरलॉइन कण्याच्या आतल्या बाजूचा, फ्लँक पोटाचा. शिजवायचं कसं, हा प्रश्न तिथे एका वाक्यात उरकतो: आतून किती लाल ठेवायचं? उदगीरच्या मटण खानावळीतलं कार्ड नेमकं उलटं बोलतं. मटण हंडी, मटण सुकं, मटण मसाला, काळा रस्सा, मटण थाळी. शिजवण्याचे पाच-सहा प्रकार, आणि मांस कुठलं याबद्दल अवाक्षर नाही. अपवाद कलेजी, भेजा आणि पाया यांचा. बाकी बोकडाचा कुठला भाग ताटात येणार, ते भटारखान्यातली पळी ठरवते.

गिऱ्हाइकाला निवड नसते असं मात्र नाही. ती तोंडी असते. "मामू, नळीचा बघा एखादा." "रानातला द्या, चरबी नको." "चाप संपले का, मालक?" ज्याला हे बोलता येतं त्याच्या वाटीत आणि जो नुसता 'एक मटण थाळी' म्हणून गप्प बसतो त्याच्या वाटीत, एकाच दरात दोन वेगळी मटणं येतात. पुढच्या पानांवर बोकडाच्या एकेका भागाचं स्वतंत्र प्रकरण आहे. या प्रस्तावनेचं म्हणणं थोडक्यात असं, की मऊ म्हणून नावाजलेला भाग इथल्या रश्श्यात बहुतेक वेळा वाया जातो आणि हलका समजला जाणारा, जनावराने आयुष्यभर राबवलेला भाग बाजी मारतो. ज्यांना बिनहाडाचं, बिनचरबीचं मटण म्हणजेच उत्तम मटण वाटतं, त्यांना हे पटणार नाही. त्यांनी सुक्याचं प्रकरण आधी वाचावं.

स्टेक म्हणजे मुळात गाय-बैलाचं मांस, आणि उदगीरचा मुलूख तर बैलांसाठी प्रसिद्ध. पूर्वी उदगीर तालुक्यातच असलेल्या देवणीच्या नावाने देवणी ही जात ओळखली जाते. शेजारी नांदेडच्या कंधारची लाल कंधारी. पण ही जनावरं नांगराला आणि दुधाला जोपासली गेली, ताटासाठी नव्हे. कायद्यानेही वाट बंद आहे. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात, म्हणजे १९७६च्या कायद्यात, गायीच्या कत्तलीला बंदी होतीच. मार्च २०१५पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती बैल-वळूंनाही लागू झाली. म्हशी-रेडे त्यातून बाहेर राहिले. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत स्टेक म्हणून जे मिळतं ते बहुधा म्हशीचं असतं, आणि त्यातल्या सगळ्यात मऊ भागाला, टेंडरलॉइनला, तिथले खाटीक 'अंडरकट' म्हणतात. उदगीरच्या बाजारात म्हशी-रेड्याचं ते 'बडं' आणि शेळी-मेंढीचं ते 'छोटं', असे दोनच शब्द पुरतात. या प्रस्तावनेचा विषय छोट्याचा.

आणि छोट्याच्या बाबतीत उदगीरकरांनी कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही. उस्मानाबादी शेळी ही महाराष्ट्रातली नामांकित जात, आणि पशुवैद्यकीय पुस्तकांत तिचं मूळ घर म्हणून लातूर, तुळजापूर आणि उदगीर या तालुक्यांची नावं येतात. बहुतेक काळीभोर, उंच पायांची, लांब लोंबत्या कानांची, जुळी देण्यात तरबेज, आणि दुष्काळी माळरानावर बाभळी-बोरीचा पाला ओरबाडून जगणारी. २०१९च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे १ कोटी महाराष्ट्रातल्या. पण चरून वाढलेल्या उस्मानाबादी बोकडाची चव गोठ्यात खुराक खाऊन फुगवलेल्या बोकडाला नाही, असं इथला कुठलाही जुना खाटीक सांगेल. त्यात थोडा स्वगावाचा अभिमान असेलही. शास्त्र एवढं नक्की सांगतं की दिवसभर चालणाऱ्या जनावराच्या स्नायूंत लाल रंगद्रव्य जास्त साठतं, मांस गडद होतं आणि वासही जास्त येतो.

चालण्याचाच हा मुद्दा पीस निवडताना कळीचा ठरतो.

बाजारातल्या दुकानात सोललेलं बोकड उलटं टांगलेलं असतं. ते बोकडच आहे, म्हातारी शेळी नव्हे, हे दिसावं म्हणून खाटीक नरपणाची खूण तशीच ठेवतात. जाणतं गिऱ्हाईक आधी तिकडे नजर टाकतं आणि मग भाव विचारतं. आकड्याला लटकलेले वरचे दोन मांसल पाय म्हणजे रान. त्याच्या खाली कमरेचा भाग, पुठ. मग बरगड्यांच्या तेरा जोड्या, ज्यांच्या वरच्या टोकांपासून चाप निघतात. पुढे छातीकडचा चरबी आणि कुरकुरीत हाडांचा थर, सीना. खाली लोंबणारे पुढचे पाय म्हणजे दस्त, आणि सगळ्यात खाली गर्दन. कण्याच्या आतल्या बाजूने, गुर्द्यांच्या मागे, बोटाएवढ्या जाडीच्या दोन लांबट पट्ट्या असतात. हाच बोकडाचा अंडरकट. अख्ख्या बोकडात तो मूठभर निघतो, म्हणून त्याला वेगळं गिऱ्हाईक नाही. पुठीच्या तुकड्यांबरोबर तो सुऱ्याखाली जातो. तोच पुठीचा तुकडा आडवा तोडला, तर मधे मणक्याचं इंग्रजी टी अक्षरासारखं हाड, एका बाजूला पाठीचा स्नायू आणि दुसऱ्या बाजूला त्या अंडरकटचा ठिपका दिसतो. अमेरिकेत हाच तुकडा बैलाचा असला की त्याला टी-बोन म्हणतात, आणि अंडरकटचा ठिपका सव्वा इंच रुंद भरला की नाव बदलून पोर्टरहाउस होतं, किंमतही वाढते. तिथल्या कृषी खात्याने ही मापं लेखी ठरवून दिली आहेत. उदगीरमध्ये हा तुकडा अर्धा किलो 'मिक्स'मध्ये निमूटपणे पिशवीत पडतो.

स्टेकहाउसमध्ये अंडरकट महाग का, याचं कारण तो स्नायू आळशी आहे. जनावर उभं राहो, चालो, मान खाली घालून चरो, पाठीच्या कण्याच्या आतल्या या पट्ट्यांना फारसं काम नसतं. राबणाऱ्या स्नायूंना बांधून ठेवायला कोलॅजेन नावाच्या चिवट तंतूंचं जाळं लागतं. मान, खांदा, पोटऱ्या यांत ते भरपूर. तव्यावर पाच-सात मिनिटं धरलेल्या तुकड्यात हे जाळं विरघळायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे आळशी स्नायूला मान. मात्र तोच चिवट तुकडा सत्तर अंशांच्या वर, ओल्या उष्णतेत तास-दीड तास राहिला की कोलॅजेनचं जिलेटिन होतं. रश्श्याला येणारा दाटपणा, गार झाल्यावर वाटीतल्या रश्श्याचं थिजणं, बोटं एकमेकांना चिकटणं, सगळं त्या जिलेटिनचं. अंडरकट किंवा रानाच्या मधला गोळा तितकाच वेळ उकळला तर त्यात विरघळायला काही नसतं. आतलं पाणी पिळून जातं आणि कोरडे धागे उरतात.

मराठवाड्याचं मटण ओल्या आणि लांब आचेचं आहे. आधी हळद, मीठ आणि आलं-लसणावर अळणी शिजवायचं, मग त्याच पाण्यात भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला किंवा येसूर. भाकरी कुस्करायची ती या रश्श्यात. अशा पद्धतीत रानाचा तुकडा मागणं म्हणजे ज्या भागाला या आचेची गरज नाही तोच निवडणं. गर्दन, दस्त, सीना आणि नळी हे रश्श्याचे खरे धनी. त्यातही गर्दन सगळ्यात उपेक्षित. मणक्यांच्या खाचाखोचांत अडकलेलं मांस काढायला खटपट करावी लागते, चारचौघांत जेवताना हात बरबटतात, म्हणून कुणी मागत नाही. वाढणाऱ्याला मात्र ती संपवायची असते. तेव्हा ती मागणारं गिऱ्हाईक दिसलं की त्याची वाटी जरा जास्तच भरते.

पाश्चात्त्य स्टेकच्या धंद्यालाही राबत्या भागांत दडलेला माल उशिराच दिसला. नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या संशोधकांनी गोमांसाच्या खांद्या-मांड्यांतले स्नायू एकेक सुटे करून कोणता किती मऊ आहे ते यंत्रावर मोजलं. खांद्याच्या पात्यावरचा एक स्नायू मऊपणात टेंडरलॉइनच्या खालोखाल निघाला. त्याच्या मधोमध एक जाड चिवट पापुद्रा होता, एवढाच दोष. पापुद्रा सोलून काढायची पद्धत बसवली गेली आणि २००२च्या सुमारास 'फ्लॅट आयर्न' नावाने तो स्टेक बाजारात आला. तोवर ते मांस खिम्यात किंवा शिजवायच्या तुकड्यांत जात होतं. हाच स्नायू बोकडाच्या दस्तात, पात्याच्या हाडावर चिकटलेला असतो. रश्श्यातल्या दस्ताच्या पिसाला चपटं, पातळ हाड असेल, तर त्याच्या अंगचं मांस आधी खावं.

बोकडाचा स्टेक का होत नाही, याचं आणखी एक कारण चरबीच्या जागेत आहे. स्टेकची प्रत ठरते ती स्नायूच्या आत नक्षीसारख्या पसरलेल्या चरबीवरून. अमेरिकेत प्राइम, चॉइस, सिलेक्ट या श्रेण्या मुख्यतः त्यावरच लागतात. शेळी ही चरबी स्नायूत फारशी साठवत नाही. ती पोटात, गुर्द्यांभोवती आणि आतड्यांवरच्या जाळीत साठवते. त्यामुळे बोकडाच्या लाल मांसाचा तुकडा तव्यावर नुसता परतला की कोरडा पडतो. दुसरं असं, की गोमांस दोन-तीन आठवडे थंडाव्यात मुरवलं जातं, त्यात स्नायू आपोआप सैल होतात. उदगीरला सकाळी कापलेलं बोकड दुपारपर्यंत संपतं. मुरवायला ना शीतगृह, ना गिऱ्हाइकाची तयारी. 'ताजं आहे ना?' हाच इथला पहिला प्रश्न.

जवळपासच्या भागात स्टेकच्या जवळ जाणारा एकच पदार्थ आहे, आणि तो उदगीरच्या जुन्या राजधानीचा. १९५६पर्यंत उदगीर हैदराबाद संस्थानातल्या, नंतर राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. मग उस्मानाबादेत आलं आणि १९८२ला लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात. परळी-विकाराबाद रेल्वेमार्गावरचं हे गाव बाजारहाट आणि नातेवाइकीसाठी अजूनही हैदराबादकडे तोंड करून असतं. त्या हैदराबादचा 'पत्थर का गोश्त' म्हणजे बिनहाडाच्या रानाचे पातळ पसंदे, कच्ची पपई आणि मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर तापवलेल्या ग्रॅनाइटच्या फरशीवर भाजलेले. पपईतलं पपेन आठवड्यांच्या मुरवणीचं काम काही तासांत उरकतं. इथे मात्र रानच हवं. गर्दनीचे पसंदे काढायला गेलं तर खाणाऱ्याचे दात दुखतील. एकाच बोकडाचा कुठला भाग 'चांगला', याचं उत्तर आचेबरोबर बदलतं ते असं.

खानावळीच्या भटारखान्यात काय घडतं हे ठाऊक असलं की मागणं सोपं जातं. सकाळी आठ-दहा किलो मटण एकत्रच अळणी शिजतं. रान, दस्त, सीना सगळं एका पातेल्यात, एकाच वेळेपर्यंत. दुपारी बाराच्या सुमाराला ते नेमकं असतं. चारनंतर रानाचे पीस दोन-तीनदा गरम होऊन रेषारेषा सुटलेले असतात, तर सीना आणि नळी अजून टिकून. रात्री उशिरा पोचणाऱ्याने रान मागूच नये. सुकं मागवणाऱ्याने चाप मागावेत. बरगडीजवळची पातळ चरबी तव्यावर सुटते आणि मसाला तिच्यातच परतला जातो. हंडीत मात्र चापाची काही मात्रा चालत नाही, त्याचं छोटंसं मांस रश्श्यात हरवून जातं. बिर्याणी हा वेगळा प्रांत आहे आणि त्याचं प्रकरण वेगळं.

नळीबद्दल थोडं सविस्तर, कारण भांडणं तिच्यावरूनच होतात. मागच्या पायाची नळी लांब आणि मगजाने भरलेली. पुढच्या पायाची आखूड. सुरा चुकीच्या ठिकाणी पडला तर नळी फुटते, मगज रश्श्यात उतरतो आणि हाताशी येते ती पोकळ हाडाची पुंगळी. चांगला खाटीक नळी दोन टोकांजवळ तोडतो, मधे नाही. ताटात आलेली नळी उचलून एका टोकाने पाहावी: टोक मऊ, लालसर, जाळीदार असेल तर बोकड कोवळं, पांढरं, टणक, चकाकतं असेल तर खाणाऱ्यासमोर जुनी शेळी आहे. मेन्यूकार्ड जे सांगत नाही ते हाड सांगतं. मेंढीचं मटण ओळखायला रस्सा गार होऊ द्यावा. मेंढीची चरबी पांढरी, जाड, आणि लवकर टाळूला चिकटणारी. मेंढी वाईट असते असं नाही. पुण्याजवळच्या वाडे बोल्हाईच्या देवीचे भक्त शेळीचं मटण वर्ज्य मानतात आणि मेंढीचंच खातात. तिकडे 'बोल्हाईचं मटण' अशा पाट्याच असतात. उदगीरला मात्र बोकडाचा दर घेऊन मेंढी वाढणं ही फसवणूक समजतात, आणि तशी ती आहेच.

हमरस्त्यावरच्या ढाब्यांचा हिशेब वेगळा. तिथे अर्धा किलो, एक किलो असं कच्च्या मटणाच्या वजनावर बनवून मिळतं. फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध 'बिस्टेका फिओरेंतिना' असाच किलोवर विकतात, आणि तिथली रीत अशी की तुकडा आगीवर जाण्याआधी कच्चा आणून गिऱ्हाइकाला दाखवायचा. युरोपात गाईंच्या मेंदूविकाराच्या साथीमुळे २००१ साली मणक्याच्या हाडासकट मांस विकायला बंदी आली, तेव्हा फ्लॉरेन्सकरांनी या तुकड्याचा अगदी सुतकासारखा शोक केला होता. ढाब्यावर ही दाखवायची रीत मागून घ्यायला हरकत नाही. 'मालक, एकदा दाखवा' म्हटल्याने कुणी रागावत नाही. परातीत काय आहे ते पाहून 'दोन नळ्या असू द्या, पुठ कमी करा' असं तिथेच सांगता येतं. शिजताना वजन चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याने घटतं, त्यात हाडं. तेव्हा अर्ध्या किलोत चार माणसं बसवून मग मालकाकडे संशयाने बघू नये.

निवड अजिबात नसते ती पंगतीत. दर्ग्याची कंदुरी असो, पोराचं जावळ असो, नवसाचं बोकड असो. शेतात चुलवणावर शिजतं आणि वाढपी येईल ते पानात पडतं. कंदुरीला हिंदू आणि मुसलमान एकाच शिजवणीचं जेवतात, आणि तक्रारीही सारख्याच करतात: त्याला दोन नळ्या, मला नुसतं पाणी. तिथे मानाने वाढायचं असतं. पाहुणे, जाणती माणसं, मग बाप्ये, मग पोरं. बाया शेवटी बसतात तेव्हा पातेल्याच्या तळाशी गर्दनीचे मणके आणि दाट रस्सा उरलेला असतो. वरच्या विवेचनाप्रमाणे पाहिलं तर उत्तम माल त्यांनाच मिळतो, पण हे लिहायला सोपं आहे. मणके चोखायचे ते हौसेने आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून, यात फरक पडतो. गेल्या काही वर्षांत खानावळींत 'फॅमिली'ची वेगळी खोली झाली, तिथे सासू-सुना, माहेरवाशिणी बसतात आणि वाढणाऱ्या पोराला थेट सांगतात: "दादा, मला नळी. यांना रानातलं चालतंय."

उदगीरमध्ये १९८७पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात मांस तपासणी असते, कत्तलीआधीची आणि नंतरचीही. ते ज्ञान गावातल्या खानावळीच्या फळ्यापर्यंत पोचलेलं नाही. दर लिहिलेल्या फळ्यावर 'आज: दस्त, सीना, नळी' एवढं खडूने लिहायला किती वेळ लागतो? मालकांचं म्हणणं असं, की तसं लिहिलं तर सगळे नळीच मागतील; एका बोकडाला पाय चारच. त्यांचंही खरं आहे. स्टेकहाउसवाला नको असलेले भाग खिमा करून बर्गरवाल्याला विकतो. खानावळीला अख्खं बोकड एकाच पातेल्यात संपवायचं असतं.

राहिली कलेजी. 'किती शिजवू?' हा स्टेकहाउसचा प्रश्न उदगीरमध्ये फक्त तिला लागू पडतो आणि नेमका तिच्या बाबतीत कुणी विचारत नाही. कलेजीत कोलॅजेन जवळपास नाहीच, म्हणून जास्त शिजली की ती मऊ होण्याऐवजी रबरी आणि रवाळ होते. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, आतलं ओलं कच्चेपण जाईपर्यंत, आणि मीठ शेवटी. सकाळी तळून काचेच्या कपाटात ठेवलेली कलेजी मागवू नये. 'आत्ता टाकता का?' असं विचारावं, आणि नाही म्हणाले तर खिम्यावर यावं. त्या खिम्यात कुठला भाग गेला आहे ते खानावळीत विचारून कळत नाही. दस्ताचा खिमा समोर कुटून हवा असेल तर सकाळी खाटकाकडे जावं लागतं, नऊच्या आत.